मी राहिलो, ती डायरेक्टर झाली

आमचे बाबा वर्ध्याकडचे, इकडे जबलपूरच्या फॅक्टरीत फिटर म्हणून लागले आणि रांझीच्या बाजूला क्वार्टर भेटलं, तिथेच माझा जन्म. घरात मराठी आणि दाराच्या बाहेर हिंदी, इथे सगळ्यांचंच असं असते, तुम्ही पाहून राहिल्या ना ताई, मी बोलता बोलता हिंदीत घसरतो, ते तसंच लिहा, सुधारू नका. नाव शरद, वय एकावन्न. धंदा लग्नाच्या शूटिंगचा, सव्वीस वर्षं झाली. जबलपुरात म्हणा, पाटनला म्हणा, पनागरला म्हणा, शेकडो घरांत कपाटामध्ये माझं काम पडून आहे. लोक एकदा पाहतात, दुसऱ्यांदा पाहुणे आले की पाहतात, आणि मग कपड्यांच्या खाली ठेवून देतात.

पण मला हे व्हायचं नव्हतं. मला फिल्म डायरेक्टर व्हायचं होतं. हे पहिलेच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यात माझं तोंड काही चांगलं दिसत नाही, तर निदान कारण तरी तुम्हाला माहीत असावं.

मी नववीत असताना भेडाघाटला नदीवर एक शूटिंग आलं होतं. सगळी पब्लिक हिरोला पाहून राहिली होती आणि मी एका बारक्या माणसाला पाहून राहिलो होतो, टोपी घातलेला, अंगात साधा बनियन आणि वर शर्ट उघडा. तो हळूच काहीतरी बोलायचा आणि दोनशे माणूस थांबून जायचं. पुन्हा काहीतरी बोलायचा आणि दोनशे माणूस चालायला लागायचं. नाववाले सुद्धा त्याचंच ऐकायचे, जे आपल्या बापाचं ऐकत नाहीत. मी घरी आलो आणि बाबांना सांगितलं की मला हे काम करायचं आहे. बाबा म्हणाले, कोणतं, नाव चालवायचं? काय सांगू तुम्हाला, तेव्हापासून मी समजावूनच राहिलो आहे लोकांना.

बी.कॉम. झालं आणि मी मुंबईला गेलो. अकरा महिने राहिलो. एका सिरियलमध्ये चौथा असिस्टंट म्हणून लागलो, म्हणजे कोणत्या सीनमध्ये बाईच्या हातात किती बांगड्या होत्या ते वहीत लिहायचं, आणि चहा सांगायचा. आणि मग बाबांची तब्येत बिघडली म्हणून मला परत यावं लागलं. हे मी सगळ्यांना असंच सांगत आलो आहे, आईला, नातेवाइकांना, बायकोलाही. पण खरं असं आहे की बाबांची तब्येत मी आल्यावर सहा महिन्यांनी बिघडली. मी परत आलो ते छत्रीसाठी. उन्हात शूटिंग होतं, मला म्हणाले, तू फक्त ह्या बाईंवर छत्री धर. दोन दिवस धरली. माझा बाप फिटर होता पण कोणावर छत्री धरायला त्याने मला शिकवलं नव्हतं, असं मी मनात म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी गेलोच नाही. बस, एवढंच. त्या दोन दिवसांच्या पुढेही जे छत्री धरून राहिले ते आज मोठे झाले असतील की नाही मला माहीत नाही, मी कधी पाहिलं नाही, मुद्दाम पाहिलं नाही.

मग इथे स्टुडिओ टाकला, लग्न झालं, मुलगी झाली, ईशा, ती आता इंदूरला नोकरी करते, मराठी सगळी समजते पण बोलते हिंदीतच. आणि ह्या सगळ्यात माझी एक स्क्रिप्ट होती, आहे, अठरा वर्षं मी ती लिहून राहिलो आहे. अकरा वेळा नव्यानं लिहिली. चांगला कॅमेरा घेतला की सुरू करू, मग लेन्स आल्या की सुरू करू, मग कोणी मोठी ओळख निघाली की करू. रांझीत सगळ्यांना माहीत होतं की शरद भैया को फिल्म का सब पता है. कॉलेजची पोरं यायची, भैया, डायरेक्टर कैसे बनते हैं. मी त्यांना बसवायचो, चहा पाजायचो, सांगायचो, पहिले दोनशे फिल्मा पाहा, मग व्याकरण शिका, कॅमेरा कधी डावीकडे जातो आणि काहून जातो ते समजून घ्या, घाई करू नका. पोरं माना हलवायची. आता आठवतो तर त्यातला एकही फिल्म करून परत आला नाही माझ्याकडे.

आता संध्याचं सांगतो. संध्या माझी बायको. ती राईट टाऊनच्या जुन्या मराठी घरातली, त्यांचे लोक भोसल्यांच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. पनागरच्या पुढे एका सरकारी शाळेत ती शिकवते, रोज बसनं जाते, एकोणीस वर्षं झाली. आणि फिल्मचं म्हणाल तर, मी इतक्या चांगल्या चांगल्या फिल्मा लावल्या घरात, समजावून सांगायचो की पाहा हा शॉट काहून असा घेतला आहे, आणि ही अर्ध्यात झोपून जायची. हे लक्षात ठेवा, झोपून जायची.

थंडी आली की इकडे मटार निघतो. तुम्ही पाहिला असेल, जिथे पाहाल तिथे मटारचीच शेतं, ट्रकच्या ट्रक भरून जातात. आणि मटार निघाला की संध्याच्या वर्गातल्या पोरी गायब होतात. आईबरोबर शेंगा तोडायला जातात. ही रोज हजेरी घ्यायची, नाव वाचायची आणि समोर रिकामी चटई. एक दिवस जेवताना मला म्हणाली, अहो, मला हे दाखवायचं आहे. मी म्हटलं, कोणाला? ती म्हणाली, ते नाही माहीत, पण दाखवायचं आहे, मोबाईलवर शूट करते, तुम्ही सांगा कसं करायचं. मी म्हटलं, स्क्रिप्ट कुठे आहे? ती म्हणाली, पोरी आहेत ना. मला हसू आलं. मोठ्यानं हसलो मी, आणि ती पण हसली माझ्याबरोबर, तिला वाटलं मी प्रेमानं हसून राहिलो.

रविवारी रविवारी ती जायची, पोरींच्या घरच्यांना पहिले विचारून, शेताच्या मालकालाही विचारून. जायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, आवाजाचं काय करू? मी म्हटलं, काही नाही, मोबाईलमध्ये येते आवाज. आता येते, पण उघड्या शेतात हवा असते आणि हवेनं आवाज फाटून जातो, हे मला सव्वीस वर्षांपासून माहीत आहे, बारातीत हेच तर सांभाळतो मी, आणि मायकावर चढवायचं जाड कापड माझ्या कपाटात पडलं होतं. नाही दिलं. विसरलो असं नाही, ताई. हात कपाटाकडे गेला होता आणि मी परत घेतला.

झालं, ती आली तर सगळा दिवस वाया, पोरी बोलून राहिल्यात आणि आवाज नुसता फर्र फर्र. मी म्हटलं, अरे, होते असं.  पुढच्या रविवारी तिनं काय केलं, पोरींना शेतातून उचललं, एका बंद खोलीत बसवलं, गोण्या होत्या आजूबाजूला, आणि तिथे हळू आवाजात त्यांना बोलायला लावलं, आणि तो आवाज शेतातल्या चित्रावर ठेवला. आता शेतातली पोर शेतात बोलली असती तर ओरडून बोलली असती. ह्या बोलल्या कानात सांगितल्यासारख्या. माझ्या वाईटपणातून तिचं चांगलं निघालं, पाहा, आणि त्याचं क्रेडिटही मला भेटणार नाही.

जोडकाम, आम्ही लग्नवाले त्याला मिक्सिंग म्हणतो, ते तिनं माझ्याच स्टुडिओत केलं, जुन्या कॉम्प्युटरवर, शाळेतून आल्यावर चार ते सहा. पहिले दोन दिवस मला विचारलं, मग मोबाईलवर पाहून पाहून स्वतःच करायला लागली. मी बाजूला बसून कोणाच्या तरी हळदीचं गाणं जोडून राहिलो असायचो, आणि तिच्या स्क्रीनकडे पाहत नव्हतो. पाहतच नव्हतो. विचारायची, पाहता का थोडं? मी म्हणायचो, पूर्ण होऊ दे.

एक दिवस ती शाळेत गेली आणि मी पाहिली. तेरा मिनिटांची फिल्म. नाव मटर की छुट्टी. सुरुवातीला काही खास नाही, कॅमेरा हलते, एका ठिकाणी तर पोरीचं डोकं कापल्या गेलं आहे. मला फार बरं वाटलं. आणि मग शेवटी संध्याचा आवाज येतो, वर्गात हजेरी घेते तसा, एक एक नाव वाचते, आणि चित्रात फक्त हात आहेत, लहान लहान हात, वेलीतून शेंगा तोडून राहिलेले, आणि प्रत्येक नावाला तो कानात सांगितल्यासारखा आवाज येतो, उपस्थित मैडम. उपस्थित मैडम. अकरा नावं. शेवटच्या नावाला हात थांबते आणि आवाज येत नाही.

मी खुर्चीत बसून राहिलो. ग्राहक आला तर त्याला म्हटलं नंतर या. काय सांगू तुम्हाला, असं वाटलं की जसं कोणी माझ्याच घरात शिरून माझं काहीतरी घेऊन गेलं. मी दोनशे काय, हजार फिल्मा पाहिल्या, मला कळते की हे काय आहे. तिलाच नव्हतं कळत. तिनं विचारलं असतं की हे असं काहून केलं, तर तिला सांगता नसतं आलं, मला सांगता आलं असतं, आणि केलं मात्र तिनं. जी झोपून जायची.

संध्याला एवढंच म्हटलं, पाहिली, ठीक आहे. ईशानं इंदूरहून ती फिल्म एका फेस्टिव्हलला पाठवली, लहान फिल्मांचा होता. फॉर्म तिनंच भरला आणि मेल माझ्या स्टुडिओचा दिला, कारण संध्या मेल पाहतच नाही. तर दीड महिन्यानं दुपारी मी एका पार्टीचं मिक्सिंग करून राहिलो होतो आणि मेल आला. निवड झाली म्हणे, दहा दिवसांत होकार कळवा आणि फिल्मची चांगली फाइल पाठवा. डायरेक्टर संध्या जी म्हणून लिहिलं होतं. डायरेक्टर. मी ते चार वेळा वाचलं.

आणि मी सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी म्हटलं संध्याकाळी सांगू. दुसऱ्या दिवशी म्हटलं रविवारी सांगू, आरामात. मग रविवारी आमच्याकडे पाहुणे होते. खोडला पण नाही मी तो मेल, खोडायला पण हिंमत लागते, तो तिथेच होता आणि मी रोज उघडून पाहायचो. सातव्या दिवशी ईशाचा फोन, पापा, मम्मी की फिल्म का कुछ आया क्या? मी म्हटलं, नाही गं, काही नाही. ती म्हणाली, ठीक से देखना, स्पैम में भी. मी म्हटलं, पाहिलं, सगळं पाहिलं. माझ्या पोरीशी मी खोटं बोललो आणि आवाज जरासाही हलला नाही माझा. अकराव्या दिवशी दुसरा मेल आला, उत्तर नाही आलं म्हणून जागा दुसऱ्याला दिली. मग मी संध्याला म्हटलं की बहुतेक काही होणार नाही त्याचं, इतक्या दिवसांत आलं असतं.

तिनं काय म्हटलं असेल? तिनं म्हटलं, हं, चांगली नसंलच. तुम्हाला पहिलेच दिसलं होतं, तुम्ही माझं मन राखायला बोलले नाही. आणि विषय बंद. एका वहीत दुसऱ्या फिल्मचं काहीतरी लिहून ठेवलं होतं तिनं, ती वही शाळेच्या कागदांच्या खाली गेली.

मी खूश होतो. खोटं काहून बोलू. त्या आठवड्यात मी तिच्यासाठी खोव्याची जलेबी आणली, भाजी चिरू लागलो, तिच्या बहिणीकडे स्वतःहून घेऊन गेलो. घर पुन्हा माझ्या मापाचं झालं होतं. मी माझी स्क्रिप्ट काढली, बाराव्यांदा लिहायला घेतली. आणि नाही झालं हो. बसायचो आणि डोळ्यासमोर ते हात यायचे.

मग दोन-अडीच महिन्यांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या थोडं पहिले, संध्याच्या शाळेतल्या पोरी आल्या स्टुडिओत. सहा पोरी आणि त्यातल्या दुर्गाची आई, टेम्पोत बसून पनागरहून आलेल्या. संध्या त्यांना घेऊन आली, म्हणाली, ह्या मागेच लागल्या आहेत, आपली फिल्म पाहायची म्हणे, लावता का? मी मोठ्या स्क्रीनवर लावली, जिच्यावर मी नवरीकडच्यांना लग्न दाखवतो. पोरी खाली बसल्या. सुरुवातीला हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या, ए तेरा मुँह देख. आणि हजेरी सुरू झाली तर सगळ्या सरळ होऊन बसल्या. आणि मग जसं जसं नाव यायचं तशी ती ती पोर फिल्ममधल्या आवाजाबरोबर खरोखरच म्हणायची, उपस्थित मैडम. शेवटचं नाव दुर्गाच्या मोठ्या बहिणीचं होतं, तिचं लग्न करून दिलं होतं त्या थंडीत. तिच्या नावाला फिल्ममध्ये कोणी बोलत नाही. तर दुर्गाची आई, जी दारापाशी उभी होती, पदर डोक्यावर, ती तिथूनच म्हणाली, उपस्थित. मग रडली नाही वगैरे, पदर सारखा केला आणि संध्याला म्हणाली, मैडम, जा और लोगन खों दिखाओ.

और लोगांना दाखवा, इतकंच तिचं म्हणणं. संध्या म्हणाली, पाठवली होती अम्मा, त्यांना नाही आवडली. आणि मी तिथे उभा, रिमोट हातात.

त्या गेल्या आणि मी स्टुडिओचं शटर अर्धं खाली केलं आणि संध्याला सांगून टाकलं. मेल उघडून दाखवला. पहिला आणि दुसरा. तिनं दोन्ही वाचले, चष्मा नव्हता तर डोळे बारीक करून वाचले. मला वाटलं आता ओरडंल. मी तयार होतो. तिनं एकच विचारलं, तुम्हाला आवडली होती का? मी म्हटलं, हो. म्हणूनच.

ती म्हणाली, त्या शेतातल्या हवेचं पण माहीत होतं ना तुम्हाला? मी मान हलवली. तिनं पर्स उचलली आणि एकटी घरी चालत गेली.

त्यानंतर भांडण नाही, माहेरी जाणं नाही, काही नाही. फक्त माझ्याशी ती हिंदीत बोलायला लागली. आप खाना खा लीजिए. गैस वाला आया था. मैं निकल रही हूँ. बाहेरच्या माणसाशी बोलतात तसं, एकदम तमीजमध्ये. तुम्ही महाराष्ट्रातल्या, तुम्हाला ह्याची मार समजणार नाही. आमच्या घरात दाराच्या आत मराठी होती, आणि तिनं मला दाराच्या बाहेर उभं केलं. ईशाला तिनं सांगितलं नाही, हे तिचं मोठेपण. मीच सांगितलं नंतर, आणि ईशानं फोन ठेवून दिला आणि तीन आठवडे उचलला नाही.

आणि संध्यानं स्वतः सगळं केलं. त्या फेस्टिव्हलवाल्यांना लिहिलं, ते म्हणाले ह्या वर्षीचं झालं, पुढच्या वर्षी पाठवा. तर तिनं भोपाळला पाठवली, एका लहानशा हॉलमध्ये दाखवली, चाळीसेक लोक असतील म्हणे, मला बोलावलं नव्हतं. तिथे एक बाई होत्या, डायरेक्टरच, त्यांना आम्ही आता भोपाळवाली दीदीच म्हणतो, त्यांनी फक्त एवढंच विचारलं की ह्या पोरींना असं बोलायला कोणी लावलं. त्यांची एक सिरीज इकडे जबलपूरच्या बाजूला व्हायची होती, त्यात सात-आठ पोरं होती. त्यांनी संध्याला घेतलं, पोरांना सांभाळायला आणि तयार करायला. पुढच्या वर्षीची उन्हाळ्याची सुट्टी पूर्ण तिकडेच गेली तिची.

मी एकदा गेलो पाहायला. दोरीच्या बाहेर पब्लिकमध्ये उभा राहिलो, भेडाघाटला उभा होतो तसाच. एवढं ऊन, जमीन तापलेली, पोरं अनवाणी सीन करून राहिली होती, आणि माझी बायको, सेहेचाळीस वर्षांची, सरकारी शाळेची मास्तरीण, बाजूला उभी, दोन्ही हातांत पोरांच्या चपला. सीन कट झाला की पळत जायची आणि पोरांच्या पायांपुढे चपला ठेवायची, खाली वाकून. कोणी चोवीस वर्षांचा पोरगा तिला म्हणून राहिला होता, मैडम जल्दी. आणि ती जल्दी करून राहिली होती. आणि मधल्या वेळात दीदीच्या मागे उभी राहून मॉनिटर पाहायची, पाहतच राहायची.

मी तिथून निघून आलो. मला राग आला होता, कोणाचा ते समजलं नाही. तिनं ते काम केलं म्हणून आला, की मला ते जमलं नव्हतं म्हणून. घरी आलो आणि बाबांचा फोटो आहे भिंतीवर, त्याच्याकडे पाहायची शरम वाटली, कारण त्यांच्या नावावर मी किती वर्षं खोटं चालवलं.

मी मेल दाखवला तेव्हापासून दीड वर्षात संध्यानं आणखी दोन लहान फिल्मा केल्या. आणि मग दीदींनीच एक कंपनी पाहून दिली आणि तिला मोठी फिल्म भेटली, दीड तासाची, तीच मटारची गोष्ट पण पोरींची आणि त्यांच्या आयांची, पाटनच्या बाजूला बावीस दिवस शूटिंग. शाळेतून बिनपगारी सुट्टी घेतली तिनं. एक दिवस स्टुडिओत आली, ग्राहकासारखी समोरच्या खुर्चीवर बसली आणि हिंदीतच म्हणाली, मुझे सेकंड कैमरा चाहिए, मंडी की भीड़ के लिए. आपके जितना कोई चेहरे नहीं पकड़ता, बिदाई में मैंने देखा है. मी म्हटलं, तू मला माफ केलं का? ती म्हणाली, वो मुझसे नहीं होता. काम है, करेंगे क्या?

मी केलं. तिथे सगळे मला मैडम के हसबैंड म्हणायचे, नाव कोणाला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाजाराचा सीन होता, आई गोणी उचलते आणि पोर मागे राहते. संध्यानं कॅमेरा आईवर ठेवला. मला दिसून राहिलं होतं की चूक आहे, पोरीवर पाहिजे. राहवलं नाही, सगळ्यांसमोर म्हणालो, संध्या, हे पोरीवर घे.  ती माझ्याकडे आली, ऐकून घेतलं पूर्ण, विचार केला आणि म्हणाली, नहीं शरद जी, माँ पर ही रहेगा. आणि आपल्या जागेवर गेली आणि हळूच काहीतरी बोलली आणि शंभर माणूस चालायला लागलं. मी माझा कॅमेरा लावून उभा राहिलो. मला तो टोपीवाला आठवला, आणि इतकं जळलं, इतकं जळलं, की डोळा कॅमेऱ्याला लावून ठेवला तर बरं झालं, कोणाला दिसलं नाही. नंतर जोडल्यावर पाहिलं. आईवरच पाहिजे होतं. पोर चित्रात नाही म्हणूनच तिची काळजी वाटते. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं.

मंडीच्या दिवशी मी सकाळपासून चेहरे घेतले. हमाल, बायका, भाव ऐकून तोंड उतरलेला एक म्हातारा. जेवणाच्या सुट्टीत तिनं माझं काम पाहिलं, मी पुरीभाजी खाऊन राहिलो होतो, माझ्याकडे आली आणि म्हणाली, अहो, तो म्हातारा फार चांगला घेतला तुम्ही. अहो म्हणाली. मराठीत. दीड वर्षानं. मी पुरीभाजी खातच राहिलो, बोललो असतो तर गेलं असतं ते.

आता फिल्म पूर्ण झाली आहे. तिच्या शेवटच्या पाट्यांमध्ये माझं नाव आहे, बरंच खाली, पाहायला बसून राहावं लागते. पुढल्या महिन्यात कुठेतरी दाखवणार आहेत, मला चला म्हणाली आहे, मी कोट ड्रायक्लीनला टाकला. शाळा तिनं सोडली नाही, अजून बसनंच जाते. कॉलेजची पोरं माझ्याकडे अजून येतात, भैया, डायरेक्टर कैसे बनते हैं. मी आता चहा नाही पाजत. सांगतो, बेटा, पनागरची बस पकड, शाळेत मैडम आहेत, जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास देतात, त्यांना विचार. आणि जाताना मोबाईलवर काहीतरी करून घेऊन जा, रिकाम्या हातानं गेला तर त्या भेटत नाहीत. माझी स्क्रिप्ट? ती पडून आहे. संध्या म्हणते, ह्यातलं दहा मिनिटांचं निवडा आणि ह्या थंडीत करून टाका, मी पोरं देते. पाहू. केलीही असती, पण ती बरोबर सांगून राहिली आहे ह्याचाच त्रास होते.

परवा पाटनला एका लग्नात होतो, नवरीच्या वडिलांनी विचारलं, वो जो फिल्म वाली मैडम आई थीं इधर, आप जानते हैं उनको? मी फोकस करून राहिलो होतो. म्हटलं, माझी बायको आहे. हिंदीत म्हटलं, पण छाती जराशी पुढे आली, आणि त्याच वेळी आत काहीतरी टोचलं पण. तो म्हणाला, बड़ी किस्मत वाले हो. मी म्हटलं, हाँ जी.

तर असं आहे. जळते मला, अजूनही जळते, रोज सकाळी ती डबा घेऊन निघाली की थोडंसं जळते. आणि तिला यश येवो हे पण मी म्हणतो, मनापासून म्हणतो. रविवारी ग्वारीघाटला नदीवर जातो तर हात जोडून सांगतो, मैया, संध्याला अजून दहा फिल्मा दे, सगळ्या चांगल्या चालू दे. मग थोडा थांबतो आणि म्हणतो, त्यातली एखादी जरा वाईट निघाली तरी चालंल. मैया समजून घेईल. तुम्ही लिहायचं तर लिहा, संध्याला वाचून दाखवायच्या पहिले मला फक्त एक फोन करा.